गुन्हा करणाराचा, जातीचा नव्हे



“धर्म देवळांत ठेवावा, राजकारण चावडीवर करावें, दोहोंची गांठ घालूं नये,” असा उपदेश आम्हांस पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतो. धर्म म्हणजे सोवळेंओवळें, नवस व दक्षिणा एवढेंच असेल, तर हा उपदेश खरा आहे. परंतु माणसानें माणसाशीं न्यायानें वागणें हाच धर्म, असें मानलें, तर त्यावांचूनचें राजकारण म्हणजे वेसण नसलेला बैल होय.

जोतीराव फुले यांनीं ही गांठ उघडपणें घातली. त्यांचें मूळ घराणें आमच्याच सातारा मुलुखांतलें, खटाव तालुक्यांतील कटगुणचें. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास त्यांनीं सत्यशोधक समाज काढला. निर्मिक एक, सर्व माणसें त्याचीं लेकरें, आणि लेकरानें बापाशीं बोलण्यास दलाल नको, हें त्या धर्माचें सार. त्यांतून राजकारणाचा नियम आपोआप निघतो: जन्मानें कोणी श्रेष्ठ नाहीं. हा अर्धा भाग आम्ही मोठ्या आवाजांत सांगतों. उरलेला अर्धा असा, कीं जन्मानें कोणी गुन्हेगारही नाहीं. हें औषध कडू आहे. आज तेंच घ्यावयाचें आहे.

इंग्रज सरकारनें १८७१ सालीं कायदा करून जातीच्या जाती गुन्हेगार ठरविल्या. पुढें तो आमच्या इलाख्यासही लागला. शेजारच्या कोल्हापूर संस्थानांत महार, मांग, रामोशी, बेरड यांस हजेरी द्यावी लागे. चोरी कोणी केली हें पाहण्याआधीं वस्ती कोणाची हें पाहिलें जाई. परगांवीं मजुरीस जाणें कठीण, मग पोट भरणेंही कठीण. हजेरी घेणारा पाटील पुष्कळदां आमच्यांतलाच असे, हेंही विसरूं नये. शाहू महाराजांनीं १९१८ सालीं ही हजेरी बंद केली. देशभर तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडलें.

आतां प्रतिसरकारकडे वळूं. १९४३ ते १९४६ या काळांत येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील व त्यांचे सोबती यांनीं सातारा जिल्ह्यांत रयतेचें राज्य चालविलें. तंटे गांवच्या गांवांत तुटूं लागले. वकिलाची फी नाहीं, कोर्टाची खेप नाहीं. थोड्या खर्चाचीं गांधी-लग्नें लागलीं. बिनभटाच्या लग्नाची वाट सत्यशोधकांनीं आधींच पाडून ठेविली होती. दरोडेखोर व जाचक सावकार यांच्या तळपायांवर मार बसे. लोक त्यास पत्री म्हणत. गांधीजींनीं १९४४ सालीं भूमिगतांस उघड्यावर येण्यास सांगितलें, तरी येथील काम चालूच राहिलें. त्या मार्गाविषयीं मतभेद आहेत, व ते असावेत. परंतु ज्यानें जाच केला त्यासच धरावें, ही त्या न्यायाची रीत होती, आणि म्हणूनच रयतेचा त्यावर विश्वास बसला.

मग १९४८ सालीं काय झालें? ३० जानेवारी रोजीं दिल्लीस नथुराम गोडसे यानें गांधीजींचा खून केला. तो ब्राह्मण, एवढ्याच कारणावरून पुढील दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांचीं घरें पेटलीं. ज्यांनीं पिस्तूल पाहिलेंही नव्हतें, त्यांचीं चूलभांडीं जळलीं, बायकापोरें उघड्यावर आलीं. ज्याच्या नांवें आग लावली, त्यानें जन्मभर काय शिकविलें याची कोणास आठवण राहिली नाहीं.

कोणी म्हणतील, हा पिढ्यान्पिढ्यांचा राग होता. राग खोटा नव्हता. सावकारी, कुलकर्ण्याची लेखणी, पाणवठ्यावरचा अपमान, सर्व खरें. पण कुलकर्णी वतन शाहू महाराजांनीं १९१८ सालीं हुकूम काढून मोडलें. त्यासाठीं कुलकर्ण्याचें घर जाळावें लागलें नाहीं. गोडसे व त्याचे साथीदार यांचा इन्साफ दिल्लीच्या लाल किल्ल्यांत झाला. तेथें एकेका माणसाचें कृत्य तपासलें, आणि पुराव्याअभावीं सुटावयाचा तो सुटलाही. आम्हीं मात्र चावडीवरची जुनी हजेरीच घेतली. फक्त जात बदलली.

जोतीरावांनीं भटशाहीवर जितके आसूड ओढले तितके कोणीं ओढले असतील? तरी १८६३ सालीं त्यांनीं व सावित्रीबाईंनीं आपल्या घरीं फसलेल्या ब्राह्मण विधवांच्या बाळंतपणाची सोय केली. तेथें जन्मलेला एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनीं दत्तक घेतला. व्यवस्थेशीं झगडा आणि माणसास आसरा, हीं दोन्हीं एकाच घरांत नांदलीं.

पुढें मुंबई राज्यांत १९४९ सालीं जुन्या जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, व दक्षिण साताऱ्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. पण परीक्षा दोन्हीकडे एकच आहे. गांवांत चोरी झाली, कीं पहिलें बोट पारध्याच्या पालाकडे जातें. दोन पोरांचें भांडण झालें, कीं साऱ्या आळीचें पाणी तोडण्याची भाषा होते. कोणत्याशा दूरच्या शहरांत कांहीं घडलें, कीं आमच्या पेठेंतल्या शिंप्याच्या, तांबोळ्याच्या दुकानाकडे लोक वांकडे पाहतात.

अशा वेळीं मायबहिणींनो, घरांतला पहिला शब्द तुमचा असूं द्या. “कोणीं केलें तें सांगा, कोणत्या जातीचा तें सांगूं नका.” ग्रामसभेंत पुरुषांनीं हाच प्रश्न उभें राहून विचारावा. मत मागणारा साऱ्या जातीवर दोष ठेवूं लागला, तर तो तुमच्या जातीचा असला तरी त्यास मत देऊं नये. एवढें आपल्या गांवापुरतें पाळलें, तरी सत्यधर्म राजकारणांत आला असें आम्ही समजूं.