म्हातारपणीचा खुबा आणि अंथरुणाची किंमत



अस्थिछिद्रतेने विरळ झालेले खुब्याचे हाड मोडायला मोठा अपघात लागत नाही. रात्री मोरीत पाय घसरणे पुरते. पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडते. मग घरात ठरलेले वाक्य निघते, ‘या वयात चिरफाड कशाला?’ माझे म्हणणे असे की, वय झाले आहे म्हणूनच शस्त्रक्रिया हवी आणि तीही लवकर. तरुण माणूस दीड-दोन महिने अंथरुणावर काढू शकतो. सत्तरी ओलांडलेल्याला पडून राहिल्याने न्यूमोनिया गाठतो, शिरेत गुठळी होते, पाठीला जखमा पडतात, भ्रम होतो आणि उरलेसुरले स्नायूही झडतात.

‘पायाला वजन लावून ठेवले की हाड जुळतेच,’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. खुब्याच्या गोळ्याखालच्या निमुळत्या भागाला मान म्हणतात. त्या मानेखालचा मोड जुळतो, पण बहुधा पाय आखूड आणि वाकडा करून. मानेच्या मोडाचे तसे नाही. खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बहुतेक वाहिन्या मानेलगत वर चढतात. हाड सरकले की त्या तुटू शकतात, आणि गोळा मृत होण्याची भीती राहते. म्हणून वृद्धांमध्ये सरकलेली मान जोडत बसण्यापेक्षा बहुधा गोळाच बदलतात. मानेखालच्या मोडात हाडाच्या पोकळीत रॉड घालून गोळ्यात स्क्रू बसवतात. ठिसूळ हाडात स्क्रू सुटण्याचा धोका असतोच. पण रॉड आतून भार पेलतो आणि कृत्रिम गोळ्याची दांडी सिमेंटने पक्की करता येते. त्यामुळेच बहुतेकांना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करता येते.

यापेक्षा वजनदार आक्षेप फिटनेसचा. बीपी, साखर, हृदय सांभाळायला नको का? हवेच. २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘हिप अटॅक’ अभ्यासात भारतासह १७ देशांतले २,९७० रुग्ण होते. एका गटाची शस्त्रक्रिया निदानानंतर साधारण ६ तासांत झाली, दुसऱ्याची २४ तासांत. ९० दिवसांतल्या मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. मात्र घाई केलेल्या गटात भ्रम कमी झाला, माणसे लवकर उभी राहिली. म्हणजे सहा तासांचा अट्टहास नको. पण इथे ‘उशिरा’ म्हणजेही एक दिवसच होता, हे विसरू नका. बीड-परभणीकडून घाटी रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाचे दिवस घरच्या चर्चेत, मालिशीत आणि प्रवासात गेले, तर त्या उशिराला या अभ्यासाचा आधार नाही.

राहिला खर्च. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता पाच लाखांपर्यंत आहे, आणि सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड निघाले आहे. कुठली शस्त्रक्रिया कुठे बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावे. खर्चाची सोय होऊन शस्त्रक्रिया झाली, तरी रॉड घातला म्हणजे हाड बरे झाले असे नव्हे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक आम्ल हे हाडाचे औषध देऊन केलेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून घरी सोडण्याच्या कागदावर हाडाच्या औषधाचे नाव नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उठू नका. आणि आज घरी गेल्यावर मोरीत दिवा आणि धरायला कठडा आहे ना, तेवढे पाहा.