शनिवारवाड्याचा अपुरा निवाडा

पुण्याच्या शनिवारवाड्याविषयी सर्वाधिक प्रचलित असलेली दंतकथा अशी की, पौर्णिमेच्या आणि काहींच्या सांगण्याप्रमाणे अमावास्येच्या मध्यरात्री त्या ओसाड वास्तूतून ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, आणि ती अठराव्या वर्षी मारल्या गेलेल्या नारायणराव पेशव्याची असते. ही हाक खरोखर ऐकू येते की नाही, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येत नाही. परंतु ज्या शहराने अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत कितीतरी भीषण मृत्यू पाहिले, त्याने त्यांपैकी नेमका हाच मृत्यू भुताच्या रूपाने का जपला, हा प्रश्न निश्चितच इतिहासाचा आहे.

वाड्याची पायाभरणी थोरल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली; प्रारंभीच्या बांधकामास १६,११० रुपये खर्च आला. पुढे तट, नऊ बुरूज आणि पाच दरवाजे उभे राहिले आणि वाडा हे मराठी राज्याच्या कारभाराचे केंद्र बनले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरला माधवराव थेऊर येथे क्षयाने मरण पावला आणि त्याचा धाकटा भाऊ नारायणराव गादीवर आला, तेव्हा चुलता रघुनाथराव हा राज्याच्या वाटणीसाठी आधीच एकदा लढून हरलेला होता. नव्या पेशव्याने १७७३ च्या उन्हाळ्यात त्याला याच वाड्यात नजरकैदेत ठेवले, म्हणजे राज्याचा धनी आणि त्याचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी हे एकाच छपराखाली राहू लागले.

कटासाठी हाताशी आले ते गारदी. पाश्चात्त्य पद्धतीची कवायत शिकलेल्या पगारी पायदळास गारदी म्हणत. सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद युसुफ हे त्यांचे पुढारी होते, आणि त्यांना धन्याविषयीच्या निष्ठेपेक्षा तुंबलेल्या पगाराची ओढ अधिक होती. सोमवारी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, नारायणराव पर्वतीहून परतल्यानंतर दुपारच्या विश्रांतीच्या वेळी गारदी पगाराचा तगादा लावत वाड्यात घुसले, वाटेत आडवे आलेल्यांना कापत आत गेले, आणि पेशवा जीव वाचवण्यासाठी धावत जाऊन चुलत्याला बिलगला. रघुनाथरावाचा सेवक तुळाजी पवार याने त्याला ओढून बाजूला केले आणि गारद्यांनी त्याच्यावर वार केले. त्याच्या अंगावर आडवा पडलेला चाफाजी टिळेकर हा खिजमतगारही त्याच्याबरोबर मारला गेला. पेशव्याच्या पदरचा इच्छाराम ढेरे आधीच पडला होता. परंपरेने मृतांची संख्या अकरा सांगितली जाते, आणि त्यांत एका गाईचीही भर घातली जाते. त्या काळच्या पुण्याला गोहत्या ही ब्रह्महत्येइतकीच हादरवणारी असल्यामुळे कोणीही ती सांगायला विसरत नाही.

दंतकथा आणि घटना यांतील अंतर येथेच दिसू लागते. खून भरदुपारी झाला, हाक मात्र मध्यरात्री येते. त्या दिवशी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती, म्हणजे पौर्णिमाही नव्हती आणि अमावास्याही नव्हती. ज्या दालनांतून नारायणराव धावला, ती दालने १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आणि कित्येक दिवस धुमसत राहिलेल्या आगीत जळून गेली. आज दिसतात ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. भुतांच्या कथांना असा तपशील जुळवण्याची गरज पडत नाही, कारण त्यांचा काळ आणि त्यांची जागा रूढीने ठरवून दिलेली असते. या रूढीचे शास्त्रही स्पष्ट आहे. अपघाताने, शस्त्राने वा अकाली आलेल्या मृत्यूला दुर्मरण म्हणतात, आणि अशा मृताला गती मिळावी म्हणून नारायणबळी नावाचा विधी करतात, जो त्र्यंबकेश्वरी आजही होतो. मुंज झालेला पण लग्नापूर्वी वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, आणि या सर्व भूतगणांचा अधिपती वेताळ असतो. पुण्यात त्यांना नुसती भीतीच नव्हे, तर पत्ताही मिळाला होता: गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ, आणि मुंजाबाचा बोळ तर अजून त्याच नावाने ओळखला जातो. पेठा वसवताना माणसांबरोबर भुतांचीही सोय लावणारे हे शहर एका पेशव्याचे भूत बाहेर कसे राहू देईल?

तथापि नारायणराव मुंजा नव्हता. त्याचे लग्न झालेले होते आणि त्याची पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होती. त्याच्या कथेचे मर्म विधी अपुरा राहण्यात नसून निवाडा अपुरा राहण्यात आहे. राज्याचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि रघुनाथरावास दोषी ठरवून देहांत प्रायश्चित्त सांगितले, म्हणजे पापाची फेड स्वतःचा देह ठेवूनच होईल असा निर्णय दिला. ज्याच्या हाती राज्याची सूत्रे आली होती, त्यालाच त्याच्या तोंडावर ही शिक्षा सांगून शास्त्रीबुवा पुणे सोडून निघून गेले. १९४४ साली प्रभात कंपनीने काढलेल्या ‘रामशास्त्री’ या बोलपटाने हा प्रसंग घरोघरी पोहोचवला, आणि पाहणाऱ्यांचे लक्ष स्वाभाविकपणेच न्यायाधीशाच्या बाणेदारपणावर राहिले. शिक्षा कधीच अंमलात आली नाही, ही बाब मागे पडली.

खरे तर पुढचा सगळा इतिहास या न बजावलेल्या शिक्षेचा आहे. नाना फडणीस, सखाराम बापू आदी मुत्सद्द्यांनी बारभाईंचे मंडळ, म्हणजे अनेकांनी मिळून चालवलेला कारभार, उभा करून रघुनाथरावाला पदच्युत केले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर गंगाबाईला मुलगा झाला आणि तो सवाई माधवराव म्हणून पेशवा ठरला. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेला, १७७५ मध्ये सुरतेस त्याने त्यांच्याशी तह केला, आणि मराठे व इंग्रज यांचे पहिले युद्ध जुंपले. ते १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने मिटले, तेव्हा रामशास्त्र्यांनी ज्याला देहांत सांगितला होता त्याला दरमहा २५,००० रुपयांचा तनखा ठरवून मिळाला आणि त्याने कोपरगावी बिछान्यावर देह ठेवला. शिक्षा मिळाली ती हत्यारांना. प्रमुख गारदी आणि तुळाजी पवार यांचा पुढील काही वर्षांत पाठलाग होऊन त्यांपैकी जे सापडले त्यांना देहदंड झाला. दंतकथेतील हाक मात्र एकाही गारद्याचे नाव घेत नाही. ती काकालाच हाक मारते, आणि संकटातल्या याचनेच्या वेषात तो आरोपच असतो.

याच कथेला चिकटलेली दुसरी गोष्ट अशी की, रघुनाथरावाने ‘नारायणरावास धरावे’ असा हुकूम दिला होता आणि त्याची पत्नी आनंदीबाई हिने ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत नोंदवली आणि पुढे ती वाक्प्रचार म्हणून भाषेत रुजली. परंतु तो बदललेला कागद म्हणून दाखवता येईल असे पत्र संशोधकांच्या हाती आलेले नाही, आणि रामशास्त्र्यांनी दोष दिला तो रघुनाथरावास. एका अक्षराची ही युक्ती इतकी चटपटीत आहे की तिने पुरुषाचा अर्धा गुन्हा स्त्रीच्या खात्यावर घातला, आणि त्याची फारशी खंत कोणी केली नाही.

सवाई माधवरावाचा अंतही याच वाड्यात घडला. ऑक्टोबर १७९५ मध्ये तो गणेश महालाच्या सज्जावरून खाली कारंज्यावर पडला आणि दोन दिवसांनी मरण पावला. त्याने उडी घेतली की तोल गेला, यावर आजही मतभेद आहेत, पण त्याची हाक मात्र कोणाला ऐकू येत नाही. त्याच्या पश्चात १७९६ साली गादी मिळाली ती रघुनाथरावाच्याच मुलाला, दुसऱ्या बाजीरावाला. बापाने जे मिळवण्यासाठी पुतण्याचा बळी दिला, ते मुलाच्या पदरात आपोआप पडले, आणि त्याबरोबर पुतण्याचे भूतही आले. नारायणरावाच्या पिशाचाने बाजीरावाला पछाडले होते, आणि त्याच्या शांतीसाठी त्याने ब्राह्मणांना दाने दिली व पुण्याच्या आसपास आंब्याची असंख्य झाडे लावली, असे सांगितले जाते. बाजीरावाचे भित्रेपण आणि दानधर्माची हौस ही दोन्ही इतकी प्रसिद्ध होती की, ही कथा त्याच्या स्वभावावर चपखल बसली.

अशा या बाजीरावाने एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकराला त्याच शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायाला बांधून ठार करवले, आणि तो देखावा स्वतः पाहिला. हा मृत्यू नारायणरावाच्या मृत्यूपेक्षा कमी क्रूर नव्हता आणि तो भर लोकांत घडला. तरी विठोजीचे भूत वाड्यात फिरते असे पुण्यात कोणी सांगत नाही. विठोजीच्या खुनाची दाद मागायला त्याचा भाऊ जिवंत होता. दीड वर्षाने, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, त्या भावाने, यशवंतराव होळकराने, हडपसरच्या लढाईत शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला, आणि बाजीराव पुणे सोडून वसईला इंग्रजांकडे पळाला.