लांबचा संगणक, घरची वीज



रावेर-यावलच्या केळीबागेत पंपाला वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. म्हणून शेतकरी मोटरीला ऑटो बसवतो. वीज गेली आणि परत आली, की मोटर आपोआप सुरू होते. मोबाईल स्टार्टर असेल, तर घरातून फोन लावूनही मोटर चालू करता येते. वीज जाणारच, हे धरूनच तो सोय करतो.

संगणकाच्या कामालाही अशीच सोय लागते. जळगाव-धुळ्याची अनेक मुलं-मुली आता घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम करतात. कंपनीचा सर्व्हर, म्हणजे काम चालतं तो संगणक, शेकडो किलोमीटर दूर असतो आणि त्याला आज्ञा जातात एसएसएच या सुरक्षित मार्गानं. पूर्वीच्या टेलनेट या मार्गात पासवर्ड उघडाच जायचा. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असे पासवर्ड चोरले गेले, तेव्हा १९९५ साली तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएच तयार केलं.

एकदा मे महिन्यात भर दुपारी वीज गेली, राउटर बंद पडला आणि चार तास चाललेलं माझं काम अर्ध्यावर मेलं. त्या दिवसापासून मी चार गोष्टी पाळतो.

पहिली आणि सगळ्यांत मोलाची: सर्व्हरवर शिरल्याबरोबर टीमक्स (tmux) हा प्रोग्रॅम सुरू करायचा. मग काम तुमच्या जोडणीवर नव्हे, सर्व्हरवरच्या टीमक्सवर अवलंबून राहतं. वीज आल्यावर पुन्हा शिरा, ‘टीमक्स अटॅच’ म्हणा. काम चालूच असतं. सर्व्हरच बंद पडला, तर मात्र टीमक्सही जातं.

दुसरी: बराच वेळ काही हालचाल नसली, की राउटर जोडणी विसरतो आणि पडदा गोठतो. एसएसएचमध्ये ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ ही सोय आहे, पण ती मुळात बंद असते. तिथं ६० लिहा. मग साठ सेकंद शांततेत गेले, की तुमचा संगणक सर्व्हरची खबर घेतो. ओळीनं तीन वेळा उत्तर आलं नाही, तर जोडणी सोडून देतो; तुम्ही ताटकळत बसत नाही.

तिसरी: सर्व्हरचा पत्ता आणि तुमचं नाव एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवा आणि त्याला ‘पुणे’सारखं टोपणनाव द्या. मग ‘एसएसएच पुणे’ एवढंच टाइप करायचं.

चौथी: पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरा. पब्लिक की सर्व्हरवर ठेवायची; प्रायव्हेट की पासफ्रेज लावून आपल्याजवळच. ती व्हॉट्सॲपवर मित्रालासुद्धा पाठवू नका. आणि सर्व्हरची ओळख बदलल्याचा इशारा दिसला, तर चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे सारं मोफत आहे, अर्ध्या तासात होतं. आज संध्याकाळी एवढं करा: टीमक्समध्ये एखादं साधं काम लावा, मुद्दाम वायफाय बंद करा, पाच मिनिटांनी परत जोडा. ही परीक्षा आजच घरी घ्या. कामाच्या दिवशी वीज विचारून जात नाही.