खेड्यातील डॉक्टरचे संशोधन



संशोधन म्हटले की मोठ्या शहरातील प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. मुकुटबनच्या मुलाला वाटते, ते आपले काम नव्हे. हा समज दूर व्हावा म्हणून डॉ. हिम्मतराव बावस्कर यांची हकीकत सांगतो.

जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात ते वाढले. गरिबीत नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकले आणि १९७६ साली रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. खात्रीचा उपाय नव्हता. डॉक्टरांनी रोग्याजवळ बसून नोंदी ठेवल्या : दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय, नंतर धाप. विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो व फुप्फुसात पाणी साचते. ही आधीची लक्षणे १९८२ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

पुण्यास एम.डी. करून ते महाडला परतले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी या रोग्यांना दिली. तो अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी चौथा हिस्सा वा अधिक दगावत. वेळेवर उपचार मिळू लागल्यावर हे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आले.

तरी ते थांबले नाहीत. नुसती गोळी आणि गोळीसोबत विंचवाची प्रतिविष लस, अशी तुलना त्यांनी ७० रोग्यांवर केली. लस जोडल्यास रोगी लवकर बरा होतो, हा निष्कर्ष २०११ साली त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केला. आपल्याच उपायाची अशी परीक्षा घेणे, हे खऱ्या इल्मचे लक्षण होय. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पालकांनो, आपल्याकडेही पऱ्हाट्यांच्या ढिगात, दगडाखाली विंचू असतो. मूल डंखले तर दुआ जरूर करा, पण झाडफुकीत घटका दवडू नका. घाम व उलटी दिसताच काय, त्याआधीच सरकारी दवाखाना गाठा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, त्या डॉक्टरांजवळ सुरुवातीला होती ती नजर, चिकाटी आणि नोंदींची वही. या तिन्ही गोष्टी मुकुटबनमध्येही मिळतात. मुली असोत वा मुले, आजपासून वही उघडा.

खुदा हाफिज.