साच्यांतच बसविलेले जोड

हुपरीच्या पैंजणांस डाख कारागिराच्या भट्टीवर लागतो, गिऱ्हाइकाच्या दारीं नव्हे. तेथील एखाद्या पेढीचें संकेतस्थळ वर्डप्रेसवर असून डॉकरच्या कंटेनरांत चालत असेल, तर हाच न्याय तेथें लागू पडतो. मागाहून हातानें घातलेला प्लगिन कंटेनर बदलतांच नाहींसा होऊं शकतो. ऐन दिवाळींत मागण्या नोंदविणारेंच अंग गळावें, ही थट्टा नव्हे! म्हणून प्लगिन, ठरलेल्या आवृत्तीचा, इमेज घडवितांनाच घालावा. पण कोठें? वर्डप्रेसची अधिकृत इमेज मूळ प्रत निराळ्या कप्प्यांत राखते आणि कंटेनर सुरू होतांना ती रिकाम्या कार्यस्थळीं उतरविते. प्लगिन त्या मूळ प्रतींतच हवा. कार्यस्थळीं जुना साठा असल्यास तो तेथें पोंचतच नाहीं. शिवाय प्लगिन चालू असल्याची नोंद डेटाबेसांत राहते. नव्या पेढीसाठीं ती निराळी करावी लागते.