उतारावरची काटकसर



मी कवितेचा माणूस; पण राहतो पिंपरी-चिंचवडमध्ये. इथं कवीच्याही कानावर पिस्टन आणि लायनर हे शब्द रोज पडतात. १९९८ मध्ये इंडिका आली ती पिंपरीच्या टेल्कोतून. पुढं चाकणला फोक्सवॅगन आणि महिंद्र आले. भोसरीच्या लहानमोठ्या शेडमध्ये मोटारींचे सुटे भाग बनतात. आमच्या भागात कुणी दिवसभर एकाच पार्टला भोकं पाडतो, कुणी एकाच बोल्टचे आटे तपासतो. पण तो पार्ट गाडीत बसल्यावर काय करतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

हीच मंडळी, गणपती असोत की ईद, बायकामुलांना गाडीत घालून बोरघाटानं किंवा ताम्हिणीनं कोकणात उतरतात. उतार लागला की काहीजण गाडी न्यूट्रल करतात. म्हणतात, ‘तेवढंच पेट्रोल वाचतं!’ आज मला बोलायचंय ते या काटकसरीबद्दल.

आधी ब्रेक कसा लागतो ते पाहू. आपण पेडल दाबतो, मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलवर दाब देतो. ऑइल दाबून लहान होत नाही, म्हणून तो दाब थेट चाकांपर्यंत पोचतो. पुढच्या चाकांत ब्रेक पॅड डिस्कला पकडतात. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या चाकांत लायनर ड्रमला आतून घासतात. या घासण्यातून वेगाची उष्णता होते. ती हवेत जायला वेळ लागतो.

आता हिशेब करा. खंडाळ्याहून खोपोलीला येताना आपण सुमारे ५०० मीटर खाली उतरतो. एवढा उतार निव्वळ ब्रेकवर उतरणं म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगातली गाडी लागोपाठ ३५ वेळा थांबवणं. गाडी हलकी असो की जड, हिशेब तोच. वारा थोडा भार उचलतो. उरलेला सगळा ब्रेकवर. लायनर तापले की पकड सुटू लागते. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल २०५ अंशांपर्यंत टिकायला हवं; पाणी मुरलं की तेच १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दबते. मिस्त्री ज्याला ‘ब्रेक पोकळ लागतोय’ म्हणतात, ते हेच. पाय तळाला टेकतो, गाडी थांबत नाही.

खालच्या गिअरमध्ये मात्र चाकांनाच इंजिन फिरवावं लागतं, आणि ते ओझं गाडीला मागं खेचतं. पेट्रोलचं म्हणाल, तर आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकलेला ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे काटकसर होते ती गिअरमध्येच! चावी बंद करणं तर त्याहून वाईट. ब्रेक बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं आणि चावी काढली तर लॉकही होऊ शकतं.

तेव्हा जुन्या ड्रायव्हर लोकांचं सूत्र लक्षात ठेवा : ज्या गिअरवर चढ चढाल, त्याच गिअरवर उतरा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. नीट दाबा, वेग कमी करा, सोडा. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबा, पण तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

आणि हे केवळ गाडी चालवणाऱ्यानं जाणून भागत नाही. शेजारी बसलेल्या घरच्या माणसानंही उतार लागताच विचारावं, ‘गाडी गिअरमध्ये आहे ना?’



(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)