नाकारलेला करंडक

खेळाचे मैदान ही समतेची पाठशाळा होय, असे मानण्याचा प्रघात आहे. शर्यतीचे घड्याळ धावणाऱ्याचे कूळ विचारीत नाही आणि चेंडूला फटकावणाऱ्या हाताचा वर्ण उमजत नाही. परंतु मैदानाच्या फाटकावर उभा असतो तो माणूस. पक्षपात आत शिरतो तो तेथूनच.

दक्षिण आफ्रिकेत १९४८ साली सत्तारूढ झालेल्या नॅशनल पक्षाने वर्णभेदाला कायद्याचे अधिष्ठान दिले. डर्बनचा भारतीय वंशाचा गोल्फपटू पापवा सेवगोलम याने १९६३ साली नाताळ प्रांताची खुली स्पर्धा जिंकली. पण गोऱ्यांच्या क्लबगृहात त्याला प्रवेश नव्हता. विजेत्याने भर पावसात बाहेर उभे राहून करंडक स्वीकारला. हरलेले मात्र आत कोरडे होते! केपटाऊनचा मिश्र वंशाचा क्रिकेटपटू बेसिल डॉलिव्हेरा १९६० साली मायदेश सोडून इंग्लंडला गेला व पुढे त्या देशाकडून खेळला. १९६८ साली दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी त्याची निवड होताच पंतप्रधान फोर्स्टर यांनी तो संघ स्वीकारण्याचे नाकारले आणि दौरा रद्द झाला.

‘खेळात राजकारण आणू नये’ असे पुष्कळ सज्जन कळवळून सांगतात. वचन सुंदर आहे. पण ते उच्चारावयाचे कोणापुढे? ज्या राज्याने खेळाडूच्या कातडीचा रंग पाहून फाटक लावून घेतले, त्याने राजकारण आधीच आत आणून बसविले होते. तशा संघाशी निमूटपणे खेळणे ही तटस्थता नव्हे, ती मूक संमती होय.

ही संमती नाकारण्याचा प्रसंग १९७४ साली भारतावर आला. विजय व आनंद अमृतराज या बंधूंच्या बळावर भारताने डेव्हिस चषक टेनिस स्पर्धेत कलकत्त्यास ऑस्ट्रेलियाला आणि पुण्यास सोव्हिएत संघाला नमविले. अंतिम सामन्यात समोर उभा होता दक्षिण आफ्रिका. चषक हाताच्या अंतरावर असता भारताने खेळण्यास नकार दिला, आणि चेंडूही न टोलवता तो चषक प्रतिपक्षाकडे गेला.

निषेधाचे ठराव करणे सोपे असते, कारण त्यात पदरचे काही जात नाही. येथे ऐन उमेदीतील खेळाडूंची आयुष्यात क्वचित येणारी संधी गेली. १९८७ साली भारत पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला, पण स्वीडनकडून पराभूत झाला. तो चषक अद्यापही भारताच्या हाती आलेला नाही.

मग हा त्याग व्यर्थ गेला काय? वर्णभेदाचे राज्य केवळ क्रीडाबहिष्काराने कोसळले, असे म्हणणे म्हणजे तेथे तुरुंगवास आणि गोळ्या सोसणाऱ्यांचे श्रेय हिरावून घेणे होय. परंतु मैदानप्रिय गोऱ्या समाजाला जगाचा नकार दर हंगामात जाणवत राहिला. अखेर ते कायदे मोडीत निघू लागले, आणि १९९१ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ आंतरराष्ट्रीय मैदानावर परतला तो कलकत्त्यास. नकार देणाऱ्या भूमीनेच त्याचे स्वागत केले. कारण तिचे वैर माणसांशी नव्हते, अन्यायाशी होते.

विजेत्यांच्या नामावलीत १९७४ सालापुढे दक्षिण आफ्रिकेचे नाव आहे. त्या ओळीत भारताचे नाव नाही, यातच भारताचा गौरव आहे.